नासाऊच्या परसदारी

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांच्या यादीत नायगरा आणि ग्रँड कॅनियनच्या जोडीला हल्ली बहामाची क्रूझही असते. मायामीहून संध्याकाळी जहाज सुटतं, सकाळी नासाऊच्या बंदराला लागतं. न्याहारी आटोपली की बहुतेक मंडळी पॅराडाइज आयलंडवरच्या अॅटलांटिस रिसॉर्टकडे किंवा समुद्री चाच्यांच्या म्युझियमकडे वळतात. आमचीही लेक-जावई नातवंडांना घेऊन पाण्याच्या घसरगुंड्यांकडे गेली. चाच्यांचं गाव म्हणून नासाऊचं नाव आहेच. ब्लॅकबिअर्डसारखे नग इथे मोकाट होते, १७१८ साली वुड्स रॉजर्स गव्हर्नर होऊन आला आणि त्याने त्यांची सद्दी संपवली. टी-शर्टपासून रमच्या बाटलीपर्यंत सगळीकडे तीच कवटी आणि तीच हाडं.

मला ओढ होती दुसऱ्याच गोष्टीची. ३ मार्च १७७६ या दिवशी अमेरिकेचे मरीन सैनिक परमुलखात पहिल्यांदा उतरले ते याच बेटावर. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघायला अजून चार महिने होते. देशाचा पत्ता नाही, पण आरमार मात्र मोहिमेवर निघालेलं! त्या आरमाराला हव्या होत्या तोफा आणि त्याहूनही जास्त हवी होती तोफांची दारू. तोफा मिळाल्या. दारू बरीचशी निसटली. ती कशी निसटली हे कळायला पुस्तकापेक्षा हे बंदर डोळ्यांनी पाहणं जास्त उपयोगाचं.

म्हणून जहाज आत शिरत असताना वरच्या डेकवर जाऊन उभं राहावं. दक्षिणेला न्यू प्रॉव्हिडन्स बेट, त्याच्या काठाला शहर. उत्तरेला समोरासमोर एक लांबट, अरुंद बेट. आज ते पॅराडाइज आयलंड, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचं नाव चक्क डुकरांचं बेट, हॉग आयलंड, असं होतं. हॉटेलं बांधायची म्हटल्यावर नाव बदलणं आलंच. या दोन बेटांमधली पाण्याची पट्टी म्हणजे नासाऊचं बंदर. ते दोन्ही टोकांना उघडं आहे. एखाद्या वाड्याला पुढे दिंडी दरवाजा आणि मागे परसदार असावं तसं. मोठी जहाजं पश्चिमेकडून, १८१७ साली बांधलेल्या दीपगृहाला वळसा घालून येतात. पूर्वेकडचं तोंड उथळ, होड्या-मचव्यांचं. हे दोन दरवाजे लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं होतं.

आता थोडी मागची हकिकत. १७७५ च्या उन्हाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टन बोस्टनला वेढा घालून बसला होता. ऑगस्टमध्ये त्याला कळलं, की आपल्या सैन्याकडे माणशी जेमतेम नऊ बार उडवण्याएवढीच दारू शिल्लक आहे. वसाहतींमध्ये दारूचे कारखाने नावालाच, आणि इंग्रजांनी आयातीवर बंदी घातलेली. नासाऊला इंग्रजांचा भरपूर साठा असल्याची बातमी वसाहतींच्या कॉन्टिनेन्टल काँग्रेसच्या कानावर होती. बोस्टनला माणसं कमी पडू लागल्यावर तिथल्या इंग्रज जनरल गेजने नासाऊमधली फौजेची तुकडीही बोलावून घेतली होती. म्हणजे कोठार भरलेलं आणि राखणदार गेलेला.

१३ ऑक्टोबर १७७५ ला काँग्रेसने आरमार उभारायचा ठराव केला, १० नोव्हेंबरला मरीनची पलटण उभी करायचा. जहाजं कसली, मालवाहू गलबतांना तोफांसाठी झरोके पाडलेले. ध्वजनौका ‘आल्फ्रेड’ ही काल-परवापर्यंत ‘ब्लॅक प्रिन्स’ नावाने व्यापार करत होती. तिच्यावर पहिला लेफ्टनंट होता जॉन पॉल जोन्स, पुढे अमेरिकेच्या आरमाराचा सर्वांत गाजलेला माणूस. सेनापती ऱ्होड आयलंडचा ईसेक हॉपकिन्स, वय सत्तावन्न. त्याचा भाऊ स्टीफन काँग्रेसच्या नाविक समितीत आणि मुलगा ‘कॅबट’ या जहाजाचा कप्तान. नेमणूक कशी झाली असेल, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

हॉपकिन्सला लेखी हुकूम होता तो चेसापीकच्या उपसागरात जाण्याचा. तिथे व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर आपलं छोटं आरमार घेऊन किनाऱ्यावर धुमाकूळ घालत होता, त्याचा समाचार घ्यायचा होता. हवा किंवा परिस्थिती आड आली तर स्वतःच्या विचाराने वागायची मुभाही त्याच हुकमात होती. हॉपकिन्सने ती मुभा पहिल्याच फटक्यात वापरली. डेलावेअर नदीतल्या बर्फात काही आठवडे अडकून पडलेली आठ जहाजं १७ फेब्रुवारीला समुद्रात आली, आणि डनमोरला बगल देऊन त्याने सरळ दक्षिण धरली. वाटेत वाऱ्यात ‘हॉर्नेट’ आणि ‘फ्लाय’ एकमेकींवर आपटून मागे राहिल्या. उरलेली सहा जहाजं १ मार्चला बहामाच्या उत्तरेकडच्या अबाको बेटाजवळ पोहोचली. योगायोग असा, की त्याच १ मार्च १७७६ ला इकडे पेशव्यांचे कारभारी आणि इंग्रज यांच्यात पुरंदरचा तह झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण इंग्रजांची तलवार तेव्हा किती ठिकाणी अडकलेली होती, हे त्या एका तारखेवरून ध्यानात येतं.

बंदरावर उतरून बे स्ट्रीटने पूर्वेकडे चालायला लागलो. इथे वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना अमेरिकेत होते तशी फजिती होत नाही. मोटारी मात्र बऱ्याचशा अमेरिकेतून आलेल्या, सुकाणू डावीकडेच असलेल्या. बहामाचा डॉलर आणि अमेरिकी डॉलर एकास एक, दुकानदार दोन्ही घेतात. ज्याला चालायचं नाही त्याला ‘जिटनी’ म्हणतात त्या छोट्या बस आहेत. संसदेच्या गुलाबी इमारती मागे पडल्या की दुकानांचा भपका ओसरतो, रस्ता समुद्राला लगटून जातो, आणि पॅराडाइज आयलंडच्या पुलांखाली पॉटर्स की नावाचा बाजार लागतो.

इथे थांबायलाच हवं. फळ्यांच्या टपऱ्या, मागे मचवे, आणि टपऱ्यांच्या पायाशी रिकाम्या शंखांचा ढीग, आतून गुलाबी, साईसारखे चकचकीत. या मोठ्या शंखातल्या प्राण्याला ‘कोंक’ म्हणतात आणि बहामाच्या माणसाचा जीव त्यात अडकलेला असतो. विक्रेत्याने एक जिवंत शंख उचलला, टोकाशी हातोडीने बरोबर जागा साधून एक खाच पाडली, तीत सुरी घालून आतला स्नायू सोडवला आणि अख्खा प्राणी एका झटक्यात बाहेर ओढला. काळी कातडी सोलून काढल्यावर उरतं पांढरंशुभ्र, करकरीत मांस. त्याचे बारीक तुकडे, कांदा, टोमॅटो, भोपळी मिरची, डोकं धरायला लावणारी ‘गोट पेपर’ मिरची, वरून लिंबू आणि आंबट संत्र्याचा रस. चूल नाही, फोडणी नाही. रसातच ते मुरतं. आपल्याकडे देव्हाऱ्यात बसणारी वस्तू अशी वाडग्यात आलेली बघून बायकोने आधी तोंड फिरवलं, पण वासाने तिचा नेम मोडला. खाणाऱ्याने तिखट बेताचं सांगावं, एवढीच सूचना.

तिथून पुढे थोड्याच अंतरावर फोर्ट माँटाग्यू. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेला माणूस याला किल्ला म्हणायला कचरेल. समुद्राच्या अगदी कडेला चुनखडीच्या दगडाचा बुटका चौकोनी गढीवजा ठोकळा, तटावर काही गंजलेल्या तोफा, शेजारी वाळूची अरुंद पट्टी आणि पलीकडे मासळी विकणारे. बांधला तो १७४१-४२ मध्ये पीटर हेन्री ब्रूस नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने. हा गडी आधी रशियात पीटर द ग्रेटच्या फौजेत नोकरी करून आलेला. बर्फातून थेट नारळीखाली! शहरातल्या जुन्या फोर्ट नासाऊच्या भिंती इतक्या कच्च्या होत्या, की स्वतःच्या तोफांचे धक्केही त्यांना सोसवतील की नाही याची शंका असे. म्हणून पूर्वेच्या तोंडावर, म्हणजे परसदारी, ही दुसरी चौकी बसवली. न्यू प्रॉव्हिडन्सवर आज उभ्या असलेल्या किल्ल्यांत हाच सर्वांत जुना.

तटाजवळ उभं राहून पूर्वेकडे पाहिलं की पाण्याचे रंग मोजता येत नाहीत. फिकट हिरवा म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे खडक, गडद निळा म्हणजे खोल. हॉपकिन्सच्या लोकांना याच रंगांतून वाट काढायची होती.

त्याचा पहिला बेत वेगळा होता. अबाकोजवळ त्याने नासाऊची दोन गलबतं पकडली होती. त्यांत मरीन लपवून ३ मार्चच्या पहाटे सरळ बंदरात घुसायचं, गावकऱ्यांना आपलीच गलबतं परत आलीशी वाटतील, आणि कुणाला कळायच्या आत किल्ला ताब्यात. बेत झकास होता. पण मागची मोठी जहाजं दूर थांबण्याऐवजी उजाडताना इतकी जवळ आली, की किनाऱ्यावरून त्यांची शिडं स्पष्ट दिसली. फोर्ट नासाऊवरून इशाऱ्याच्या तोफा सुटल्या. त्या सुटताना दोन तोफा आपल्या गाड्यांवरूनच खाली आल्या. कच्च्या भिंतींची भीती अगदीच निराधार नव्हती म्हणायची.

गव्हर्नर माँटफर्ट ब्राऊन याची झोप त्या आवाजाने मोडली. सकाळी सातच्या सुमारास त्याने गॅम्बिअर नावाच्या आपल्या सल्लागाराशी मसलत केली: बंदरात ‘मिसिसिपी पॅकेट’ नावाचं वेगवान जहाज उभं आहे, दारू त्यात घालून पाठवून द्यावी का? नको, असं ठरलं. मग त्याने तीसएक लोकांना माँटाग्यूकडे पिटाळलं, त्यांतल्या बहुतेकांकडे हत्यारं नव्हती, आणि स्वतः जरा नीटनेटका व्हायला घरी गेला. शत्रू दारात असताना कपडे बदलायला गेलेला गव्हर्नर म्हणून इंग्रजी ग्रंथांत त्याची यथेच्छ थट्टा झाली आहे. मला ती थोडी अन्यायाची वाटते. फौज काढून नेली बोस्टनवाल्यांनी, भिंती कच्च्या ठेवल्या आधीच्यांनी, आणि हसं झालं ते शेवटी खुर्चीत असलेल्याचं.

बंदराचा बेत फसल्यावर हॉपकिन्स पूर्वेकडे सरकला आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, माँटाग्यूच्या पूर्वेला सुमारे दोन मैलांवर, होड्यांतून माणसं उतरवली. कॅप्टन सॅम्युएल निकोलसच्या हाताखाली दोनशे तीसच्या आसपास मरीन आणि पन्नास खलाशी. उतरताना एक गोळीसुद्धा झाडावी लागली नाही. किल्ल्यातून आलेल्या तुकडीने पांढरं निशाण दाखवून विचारलं, तुम्ही कोण आणि कशासाठी आलात? उत्तर सरळ होतं: राजाची दारू आणि लढाईचं सामान न्यायला. तेवढ्यात ब्राऊन आणखी ऐंशी लोक घेऊन माँटाग्यूवर आला. समोरचा आकडा कळल्यावर त्याने तीन तोफा डागायला लावल्या, जणू हजेरीपुरत्या, आणि माघारीचा हुकूम दिला. जाताना तोफांच्या कानांत मेखा ठोकल्या. बरेचसे शिपाई शहराकडे न जाता आपापल्या घरी गेले. त्यांचं तरी काय चुकलं? समोर होते कॉन्टिनेन्टल काँग्रेसचे लोक, आणि ज्यांच्याशी रोजचा व्यापार-उदीम चाले तेच त्यांचे शेजारी.

संध्याकाळपर्यंत माँटाग्यू मरीनच्या ताब्यात होता. आणि इथे निकोलसने मुक्काम केला. माणसं थकली होती, हे कारण खरंच असेल. शिवाय हॉपकिन्सने त्याच संध्याकाळी गावकऱ्यांना उद्देशून पत्रक पाठवलं, की तुम्ही आडवे आला नाहीत तर तुमच्या जिवाला आणि मालमत्तेला धक्का लागणार नाही, आम्हाला फक्त राजाचं सामान हवं आहे. नीतीला धरून झालं. पण ज्या वस्तूसाठी आलो ती कोणती, हे शत्रूला दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा असं दोनदा सांगून मग रात्रभर झोपणं, याला काय म्हणावं?

त्या रात्री ब्राऊनने पुन्हा मसलत भरवली आणि सकाळी सोडून दिलेला बेत आता उचलून धरला. मध्यरात्री दोनशे पिंपांपैकी १६२ पिंपं ‘मिसिसिपी पॅकेट’ आणि ‘सेंट जॉन’ या जहाजांवर चढली. पहाटे दोन वाजता दोन्ही जहाजं बंदरातून निघून फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनच्या वाटेला लागली. त्यांना अडवायला कुणीही नव्हतं. अमेरिकेची सहाच्या सहा जहाजं पूर्वेला हॅनोव्हर साउंडच्या सुरक्षित पाण्यात नांगरून होती. बंदराच्या तोंडावर एक, फक्त एक जहाज उभं केलं असतं तर काम झालं होतं. माँटाग्यूच्या तटावरून पश्चिमेला बंदराकडे आणि मग वळून पूर्वेला पाहिलं, की ही चूक नकाशावर वाटते त्यापेक्षाही ढळढळीत दिसते. दोन टोकांमध्ये अंतर ते कितीसं!

४ मार्चच्या सकाळी मरीन शहराकडे निघाले. वाटेतच गावची प्रतिष्ठित मंडळी किल्ल्या घेऊन सामोरी आली. फोर्ट नासाऊ न लढता मिळाला. तो किल्ला आता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पाडला आणि त्या जागी हॉटेल उभं राहिलं. बंदराजवळचं आजचं ब्रिटिश कोलोनिअल हॉटेल त्याच जागेवर आहे. ज्या जागी ब्राऊनच्या तोफा गडगडल्या तिथे आता पोहण्याचा तलाव आणि छत्र्या आहेत.

लूट मात्र डोळे दिपवणारी होती. दोन्ही किल्ल्यांच्या मिळून ८८ तोफा, १५ उखळी तोफा, शिवाय गोळे आणि इतर सामान. ते जहाजांत भरायला जवळजवळ दोन आठवडे लागले, आणि तरीही मावेना म्हणून आणखी एक गलबत भाड्याने घ्यावं लागलं. या मुक्कामात अमेरिकन अधिकाऱ्यांनी आपल्या तळघरातली वाइन संपवली, अशी ब्राऊनची तक्रार आहे. १७ मार्चला आरमार परतीला लागलं तेव्हा ब्राऊनलाच कैदी म्हणून बरोबर घेतलं होतं. पुढे लाँग आयलंडच्या लढाईत पकडल्या गेलेल्या लॉर्ड स्टर्लिंग या अमेरिकन सेनापतीच्या बदल्यात त्याची सुटका झाली.

परतीचा प्रवास वाईट गेला. माणसं आजारी, जहाजं तोफांच्या वजनाने जड. ६ एप्रिलला मध्यरात्रीनंतर ब्लॉक आयलंडजवळ ‘ग्लासगो’ हे एकटं इंग्रज जहाज समोर आलं. सगळ्या आरमाराशी एकट्याने झुंजून ते निसटलं. ८ एप्रिलला न्यू लंडनला पोहोचल्यावर आधी हारतुरे झाले, मग हिशेब मागितला गेला. दक्षिणेच्या वसाहतींच्या प्रतिनिधींचा सवाल होता: तुला आमच्या किनाऱ्यावर डनमोरकडे पाठवलं होतं, तू बहामात काय करत होतास? काँग्रेसने त्याच वर्षी हॉपकिन्सवर ठपका ठेवला आणि १७७८ च्या सुरुवातीला त्याला सेवेतून काढलं. त्याच्याविषयी सहानुभूती वाटू लागली तर एक गोष्ट आठवावी. १७६४-६५ मध्ये तो ‘सॅली’ या गुलामवाहू जहाजाचा कप्तान होता. त्या सफरीत घेतलेल्या १९६ आफ्रिकन माणसांपैकी किमान १०९ मेली. आज नासाऊच्या रस्त्यावर भेटणारी बहुतेक माणसं अशाच जहाजांतून आणलेल्यांची वंशज आहेत. अमेरिकेच्या नौदलाने पुढे एका उभयचर युद्धनौकेला ‘नासाऊ’ नाव देऊन १७७६ सालच्या या धाडीचं स्मरण जागतं ठेवलं. ती २०११ मध्ये निवृत्त झाली.

नासाऊचं दुर्दैव त्या एका धाडीने संपलं नाही. १७७८ च्या जानेवारीत ‘प्रॉव्हिडन्स’ या जहाजाने पुन्हा छापा घातला. १७८२ मध्ये स्पॅनिशांनी बेट घेतलं. १७८३ च्या एप्रिलमध्ये अँड्र्यू डेव्हो या इंग्रजनिष्ठाने थोड्याशा माणसांनिशी, तेही माँटाग्यूच्याच बाजूने येऊन, आपली संख्या फुगवून दाखवत ते परत मिळवलं. युद्ध संपल्यावर इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेले जमीनदार अमेरिकेतून आपल्या गुलामांसह इकडे लोटले.

आणि १७८७ मध्ये नवा गव्हर्नर आला तो कोण? लॉर्ड डनमोर! ज्याला टाळून हॉपकिन्स इथे आला होता, तोच अकरा वर्षांनी इथल्या गादीवर. व्हर्जिनियात असताना याच डनमोरने, बंडखोर मालकांचे जे गुलाम आपल्याकडे लढायला येतील त्यांना मुक्त करू, असा जाहीरनामा काढला होता. बहामात आल्यावर त्याला किल्ल्यांचं वेड लागलं. राणीच्या नावाने फोर्ट शार्लट, स्वतःच्या दुसऱ्या पदवीच्या नावाने टेकडीवर १७९३ चा फोर्ट फिनकॅसल. हा फिनकॅसल वाफेच्या बोटीसारखा निमुळत्या नाकाचा आहे, आणि त्याच्याकडे नेणारा ‘क्वीन्स स्टेअरकेस’ गुलामांनी चुनखडीच्या खडकात कोरून काढला आहे. पायऱ्या ६६, त्यातली एक रस्त्याच्या कामात गाडली गेल्यामुळे मोजल्या की ६५ भरतात. दोन्ही बाजूंना कातळाच्या उंच भिंती, अंगावर गारवा. छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवला की मुक्तीच्या त्या जाहीरनाम्याची किंमत कळते.

फोर्ट शार्लटची जागा मात्र डनमोरने चोख हेरली. खंदक ओलांडून वर गेलं की बंदराचं पश्चिमेचं तोंड थेट तोफेच्या टप्प्यात येतं. हॉपकिन्सने उघडा ठेवलेला दरवाजा डनमोरने असा बंद केला, पण त्या दरवाज्यातून शत्रू काही पुन्हा आला नाही. इथून रागाने एकही गोळा सुटलेला नाही.

एका दिवसासाठी उतरणाऱ्यांनी आधी पूर्वेला माँटाग्यू उरकावा, येताना पॉटर्स कीला खावं, ऊन चढेपर्यंत पायऱ्यांच्या सावलीत यावं आणि शार्लट शेवटी ठेवावा. शार्लटला तिकीट आहे. माँटाग्यूला आमच्याकडे कुणी मागितलं नाही.